पेटीतलं ऊन

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची हिरवी पट्टी सोडून आत सरकलं की कोरडा, तांबड्या मातीचा अफाट मुलूख लागतो. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या सगळ्यांच्या पोटात तो पसरला आहे. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्याच्या रात्री हुडहुडी भरते आणि पावसाचा काही नेम नसतो. कुंपणाच्या खांबावर, वठलेल्या फांदीवर, रस्त्याकडेच्या दगडावर अंग पसरून बसलेला दाढीवाला सरडा हा इथला नेहमीचा रहिवासी. जगभर ‘बियर्डेड ड्रॅगन’ या नावाने पाळला जातो तो मुख्यतः हाच, पोगोना विटिसेप्स. सकाळी तो अंग चपटं करतो, पाठीचा रंग गडद करतो आणि ऊन खात बसतो. ऊन चढलं की रंग फिका पडतो, तोंड उघडून तो धापा टाकल्यासारखा बसतो, मग सावलीला जातो किंवा बिळात शिरतो. अशा जागा बदलत बदलत तो आपलं शरीर पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो.

तो मुलूख चार फुटांच्या पेटीत मावत नाही. पण या सरड्याच्या पिल्लाला रोज जे निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे आता तापायचं की निवायचं, वर चढायचं की लपायचं, ते सगळे घेता येतील अशी पेटी मात्र नक्की उभी करता येते. पेटीचं माप, दिवा, जाळी, फांदी, जमीन यांतल्या प्रत्येक गोष्टीला या पुस्तकात हा एकच प्रश्न विचारला आहे: यामुळे पिल्लाला निवड मिळते, की आहे ती निवडही जाते?

या प्राण्याची शास्त्रातली ओळख तशी जुनी नाही. किनाऱ्याकडच्या पोगोना बार्बाटाचं वर्णन क्यूव्हिएने १८२९ मध्ये केलं होतं, पण आतल्या मुलखातल्या विटिसेप्सची नोंद जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल यांनी केली ती १९२६ साली. पोगोना ही स्वतंत्र प्रजाती ग्लेन स्टॉर यांनी १९८२ मध्ये मांडली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केली. तरीही काही सरडे चोरवाटेने युरोपात पोचले, जर्मनीत त्यांची वीण झाली, तिथून ते अमेरिकेत गेले आणि १९९० च्या दशकात दुकानांच्या काचेआड दिसू लागले. आज ऑस्ट्रेलियाबाहेर पाळले जाणारे बहुतेक बियर्डेड ड्रॅगन त्या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत. पिवळे, केशरी, खवले कमी असलेले असे नाना प्रकार त्यांच्यातून पैदा केले गेले. माणसाला दिसायला आवडणारा प्राणी घडवण्यात बरीच वर्षं खर्च झाली. त्याला राहायला काय आवडतं, हा प्रश्न मागे पडला. या छंदाचा हा मोठा दोष आहे, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

घर कसं असावं याचा विचार मात्र प्राणिसंग्रहालयांत आधीपासून सुरू होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं. सगळं दालन सारखं गरम ठेवायचं, ही तेव्हाची समजूत. तिथल्याच अभिरक्षक जोन प्रॉक्टर यांनी आखलेलं नवं दालन १९२७ मध्ये उघडलं. प्रत्येक पिंजऱ्यात ठरावीक जागीच विजेची ऊब द्यायची, बाकीचा भाग थंड सोडायचा, ही त्या दालनाची खरी क्रांती. प्रॉक्टर १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेल्या. आज घरातल्या पेटीच्या एका टोकाला दिवा लावून दुसरं टोक मोकळं ठेवणारा प्रत्येक जण, माहीत असो वा नसो, त्यांच्याच वाटेने चालतो.

त्या वाटेला शास्त्राचा पाया मिळाला तो १९४४ मध्ये. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांवर आणि सापांवर काम करून दाखवून दिलं की हे प्राणी हवेच्या तापमानाचे गुलाम नसतात. ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून ते आपलं तापमान आश्चर्य वाटावं इतक्या नेमकेपणाने सांभाळतात. ‘थंड रक्ताचा प्राणी’ हा शाळेत घोकलेला शब्दप्रयोग तेव्हाच मोडीत निघायला हवा होता. सरड्याचं शरीर गरमच असतं, फक्त ती उष्णता तो बाहेरून आणतो. म्हणून पेटीभर एकच तापमान ठेवणं, मग ते कितीही ‘योग्य’ असो, त्याच्यावर अन्यायच आहे. पिल्लासाठी उन्हाच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश, थंड टोक २४ ते २७ अंश, आणि रात्री सगळीकडे २० च्या आसपास, हे आज बहुतेक जाणकारांना मान्य असलेले आकडे आहेत. पण आकड्यांपेक्षा त्यांच्यामधली उतरंड महत्त्वाची. पेटी आखूड असली तर ती उतरंड पडतच नाही. दोन फुटांच्या टाकीत थंड टोक उरत नाही आणि पिल्लू दिवसभर तापत राहतं.

आता उन्हाविषयी. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. आपण ऊन म्हणतो तेव्हा त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: ऊब, उजेड आणि अतिनील किरण. पेटीत त्या एकाहून जास्त साधनांनी आणाव्या लागतात. ऊब आणि उजेड दिव्याने येतो. अतिनील किरणांसाठी वेगळी ट्यूब लागते. त्यांतला ‘बी’ पट्टा कातडीत जीवनसत्त्व ड तयार करायला सुरुवात करतो, पण ते काम पुरं व्हायला शरीर उबदार असावं लागतं. म्हणजे ट्यूब एका टोकाला आणि ऊब दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी कागदावर पूर्ण दिसली तरी पिल्लाच्या उपयोगाची नाही. निसर्गात ऊब आणि किरण वेगळे पडत नाहीत. पेटीतही दोन्ही एकाच जागी पडले पाहिजेत.

जीवनसत्त्व ड नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग वाढत्या हाडांतून कॅल्शियम काढून शरीर वेळ मारून नेतं, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, पाठीचा कणा वळतो. माणसाच्या मुलांत याला आपण मुडदूस म्हणतो. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं होतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसायची रीत त्याहूनही जुनी. सरड्यांच्या बाबतीत ही गोष्ट छंदात रुजायला फार उशीर लागला. जीवनसत्त्वाची पावडर खाण्यावर भुरभुरली की काम झालं, असं बरीच वर्षं मानलं जाई. नेदरलँड्समध्ये डेनिस ऊनिंक्स आणि सहकाऱ्यांनी बियर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांवरच केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. रोज थोडा वेळ अतिनील प्रकाश मिळालेल्या पिल्लांच्या रक्तात जीवनसत्त्व ड ची पातळी ते नुसतं तोंडाने दिलेल्या पिल्लांपेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. पावडर लागते, पण ती उन्हाची जागा घेत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी जंगलातले सरडे आणि साप दिवसाकाठी प्रत्यक्ष किती अतिनील किरण अंगावर घेतात हे मोजलं आणि त्यांचे चार गट पाडले. आज या छंदात ‘फर्ग्युसन झोन’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत ती हीच. उन्हात बसणारा पण अधूनमधून सावली धरणारा बियर्डेड ड्रॅगन तिसऱ्या गटात मोडतो. उन्हाच्या जागी, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, अतिनील निर्देशांक ३ ते ४ असावा आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला तो शून्यावर यावा, असा आजचा अनुभवसिद्ध सल्ला. पुण्या-सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हा निर्देशांक १० च्या वर जातो, त्यामुळे ३ हा आकडा आपल्याला किरकोळ वाटेल. पण घरातल्या बहुतेक दिव्यांखाली तो चक्क शून्य असतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही जवळजवळ शून्यच, कारण काच हे किरण अडवते. ट्यूबखालची बारीक जाळी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त किरण खाते. आणि ट्यूब उजळ दिसत असली तरी तिच्यातले अतिनील किरण कालांतराने क्षीण होतात. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून या पुस्तकात मोजमापाच्या साधनांवर इतका भर आहे. थर्मोस्टॅट, तार लावलेला डिजिटल तापमापक आणि शक्य असेल तर अतिनील मापक, हा खर्च सजावटीच्या आधीचा.

पेटी कशी असावी याविषयी आज ढोबळमानाने तीन मतं आहेत. पहिलं पैदासकारांकडून आलेलं: पेटी मोकळी, खाली कागद किंवा फरशी, एक फांदी, एक वाटी. स्वच्छ करायला सोपी, विष्ठा लगेच दिसते, पिल्लू खातंय की नाही ते कळतं. दुसरं मत निसर्गासारख्या मांडणीचं: मातीच्या थरात उकरता येईल, खडकाआड लपता येईल, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्यांवर चढता येईल अशी पेटी. तिसरं त्याच्याही पुढे जातं. मातीत बारीक जीव सोडून त्यांच्याकरवी घाण कुजवायची, काही कोरड्या प्रदेशातली रोपं लावायची, आणि पेटी स्वतःची स्वतः चालती ठेवायची. याला ‘बायोअॅक्टिव्ह’ म्हणतात, आणि त्याचा सध्या बराच बोलबाला आहे.

माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण अगदी लहान पिल्लासाठी पहिल्या मतातलं शहाणपण मी सोडणार नाही. नुकतंच घरी आलेलं, जेमतेम वीतभर लांबीचं पिल्लू काही आठवडे साध्या जमिनीवर असावं. त्याच्या विष्ठेची तपासणी करून घ्यायची असते. या पिल्लांत कॉक्सिडिया हा परजीवी फार आढळतो आणि मातीत एकदा शिरला की काढणं कठीण. अॅडिनोव्हायरसही या प्राण्यांत पसरलेला आहे. पण ‘साधी जमीन’ म्हणजे ‘रिकामी पेटी’ असा अर्थ लावला जातो, तिथे माझा आक्षेप आहे. कागदाच्या जमिनीवरही दोन-तीन लपायच्या जागा, चढायला फांद्या, थंड टोकाला आडोसा देता येतो. पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं, असं सांगितलं जातं. घाबरतं ते उघड्या पेटीत. आडोसे असले तर चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही मोठ्या सरड्याची पेटी पिल्लालाही चालते आणि वर्षभरात नवी घ्यावी लागत नाही.

वाळूचा वाद तर संपता संपत नाही. वाळू पोटात जाऊन आतडं तुंबतं, हे खरं आहे; पण तुंबलेल्या पिल्लाच्या मागे बहुधा कमी तापमान, कमी पाणी किंवा हाडांचा आजार असतो. शरीर पुरेसं तापलंच नाही तर पचनच होत नाही. दुकानात ‘कॅल्शियम वाळू’ म्हणून मिळते ती मात्र कुणीही घेऊ नये. पोटात गेली तर उपयोगी पडेल म्हणून विकली जाते, आणि पोटात जाणं हीच तर भीती असते. तापणारे ‘गरम दगड’ही नकोत. डोक्यावरच्या तिसऱ्या, प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्यासकट या प्राण्याची सगळी रचना वरून येणाऱ्या उन्हाकडे बघणारी आहे. पोटाखालून भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही आणि कातडी जळते. रात्री लाल दिवा लावायची सवयही सोडावी. फ्रँकफर्टच्या माक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच सरड्याच्या झोपेत स्वप्नावस्थेसारखा टप्पा असल्याचं दाखवलं. त्याला अंधाराची रात्र मिळाली पाहिजे, दिवसाला १२ ते १४ तास उजेड आणि नंतर पूर्ण काळोख.

आणि एका पेटीत एकच पिल्लू. दोघं ‘एकमेकांच्या सोबतीला’ ठेवायचा मोह समजण्यासारखा आहे, पण हा प्राणी कळपात राहणारा नाही. वरवर शांत बसलेली दोन पिल्लं बहुधा उन्हाच्या एकाच जागेसाठी झगडत असतात. वर बसलेलं खालच्याला दाबत असतं. शेपटीचं टोक आणि पायाची बोटं तुटलेली पिल्लं माझ्या दवाखान्यात येतात ती बहुतेक अशाच पेट्यांतून.

खाणं हा घराचाच भाग आहे, म्हणून थोडं त्याविषयी. लहान पिल्लू मुख्यतः कीटक खातं. मोठं होईल तसा पाला वाढतो. जंगलातल्या सरड्यांनी खाल्लेलं तपासलं तेव्हा त्यात वाळवीचा वाटा फार मोठा निघाला. घरी आपण रातकिडे किंवा डुबिया झुरळं देतो. त्यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून कॅल्शियमची पावडर लावायची आणि किड्यांनाही आदल्या दिवशी चांगला पाला खायला घालायचा. कीटक पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. बागेत पकडलेले काजवे तर कधीच नकोत. अमेरिकेत काही काजवे खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

हा विषय आत्ता मराठीत का आणायचा? एक कारण परदेशस्थ मराठी घरं. मेलबर्न, सिडनी, लंडन, न्यू जर्सी इथल्या मराठी मुलांच्या खोल्यांत आज हा सरडा आहे, आणि त्याची रोजची देखभाल बरेचदा आई-वडील, क्वचित पुण्याहून आलेले आजी-आजोबा करतात. त्यांना आपल्या भाषेत नीट सांगणारं काही हवं होतं. शिवाय जिथे राहतो तिथला कायदाही बघावा लागतो. ऑस्ट्रेलियात राज्यागणिक परवान्याचे नियम वेगळे आहेत, न्यू साउथ वेल्समध्ये तो लागतोच. नॉर्वेने १९७७ पासून सरपटणारे प्राणी पाळण्यावर घातलेली बंदी २०१७ मध्ये १९ जातींपुरती उठवली, त्या यादीत बियर्डेड ड्रॅगन आहे. या निर्णयाचा अर्थ ‘सोपा प्राणी’ असा काढू नये. क्लिफर्ड वॉरविक यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की घरात सरपटणाऱ्या प्राण्यांचे हाल होतात आणि ते माणसाला दिसत नाहीत. त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही, पण त्यांचा आरोप ऐकून घेतल्याशिवाय कुणी पिल्लू आणू नये असं मला वाटतं.

दुसरं कारण भारतातलं. मुंबई विमानतळावर परदेशी सरडे आणि साप पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारातल्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. याद्या बदलत राहतात, म्हणून कुठलाही परदेशी सरडा घेण्याआधी तो कुठून आला याचे कागद मागावेत आणि वन विभागाकडे खात्री करून घ्यावी. कागद नसतील तर घेऊ नये. आपल्या रानातला सरडा किंवा घोरपड पकडून पेटीत ठेवणं तर कायद्यानेही बंद आहे आणि मनानेही बंद असावं. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. बियर्डेड ड्रॅगनचे लांबचे भाऊबंद आपल्या सड्यांवर मोकळे आहेतच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा २०१६ मध्ये ‘सराडा सुपर्बा’ या नावाने शास्त्रात नोंदला गेला. त्याला बघायला पठारावर जावं, दुर्बीण घेऊन, लांबून.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेत या प्राण्याची पेटी कोरडी ठेवणं फार अवघड जातं, हेही इथे सांगितलं पाहिजे. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. सतत ओलावा राहिला तर श्वसनाचे आजार आणि कातडीची बुरशी मागे लागते.

या पुस्तकात पेटी बांधण्यापासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंतचा प्रवास आहे. जातींच्या रंगांची यादी नाही, पैदास कशी करावी तेही नाही. ज्या गोष्टींवर जाणकारांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि माझं मत वेगळं नोंदवलं आहे. आकडे दिले आहेत तिथे ते कसे मोजायचे तेही दिलं आहे, कारण मोजता न येणारा आकडा वाचकाच्या काही कामाचा नसतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेला या जिवाणूविषयीचा भाग आधी वाचावा. अमेरिकेत २०१४ च्या सुमारास बियर्डेड ड्रॅगनमधून पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीत आजारी पडलेल्यांत निम्म्याहून जास्त लहान मुलं होती. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणं आणि पेटीची भांडी स्वयंपाकघरात न आणणं, एवढ्याने बराच धोका टळतो.

वाचकाला माझी विनंती एवढीच. पिल्लू ठरवण्याआधी पेटी उभी करा, दिवे लावा आणि दोन आठवडे रोज सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळा दोन्ही टोकांचं तापमान लिहून काढा. जवळपास सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आहे का, ते विचारून ठेवा. हा सरडा नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो, तेव्हा मुलगा कॉलेजला गेल्यावर पेटी कोण सांभाळणार हेही घरात बसून बोला. दोन आठवड्यांत आकडे जुळले नाहीत किंवा पशुवैद्य सापडला नाही, तर पिल्लू आणू नका. पेटी दुरुस्त करा, पत्ता शोधा आणि मगच पुढचा विचार करा.